पुढच्या महिन्यात भाव उतरेल

माझ्या साडूंनी आयुष्यात कुठलीही वस्तू तिची गरज असताना विकत घेतलेली नाही. गरज पडल्यावर वस्तू घेणं हे त्यांच्या मते अडाणीपणाचं लक्षण आहे आणि या हिशेबानं ते स्वतः सोडले तर उरलेलं सगळं पुणे शहर अडाणी आहे. छत्री ते दिवाळीत घेतात, स्वेटर मे महिन्यात घेतात आणि हापूस आंबा अशा वेळी घेतात, की तो आंबाच आहे हे आंबेवाल्याला शपथेवर सांगावं लागतं. एकदा भर पावसात भिजत आलेल्या साडूंना निघताना मी माझी छत्री देऊ केली, तर म्हणाले, "नको. छत्रीची सवय लागली की छत्री घ्यावी लागते. आणि आत्ता छत्र्यांचे भाव काय आहेत, कल्पना तरी आहे का तुम्हाला?" मला कल्पना नव्हती. मी फक्त कोरडा होतो.

मला ते 'धाकटे' म्हणतात. वयानं मी त्यांच्याहून थोडा मोठाच आहे, पण ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि नात्यात मिळालेला मोठेपणा फुकट असल्यामुळे त्यांनी तो कधी सोडला नाही. आमची ओळखही त्यांच्या एका सौद्यातूनच झाली. थोरलीचं त्यांच्याशी ठरलं तेव्हा धाकटीचं माझ्याशी नुकतंच जमत आलं होतं. वर्षभराच्या अंतरानं दोन लग्नं करायची असा माझ्या सासऱ्यांचा साधा बेत होता. थोरल्या जावयांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की कार्यालयाचं भाडं एकदाच, भटजी एकदाच, सनईवाले एकदाच, आणि जिलबीची कढईसुद्धा एकदाच तापवायची. जावई होऊन वर खर्च कमी करायला सांगतोय हे ऐकून सासऱ्यांचे डोळे भरून आले. अशा रीतीनं माझं लग्न मी न मागता सवलतीत लागलं. आमच्या अक्षतासुद्धा एकाच परातीतल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा माझ्या वाट्याला येण्याआधीच संपल्या.

तेव्हा पुढे बऱ्याच वर्षांनी एका दुकानात 'दोन्ही एकत्र घेतल्यास खास दर' अशी पाटी वाचून साडूंना गहिवरून आलं, यात नवल नाही. तो काळ पुण्यावर संगणक कोसळण्याचा होता. बाजार खुला झाला, परदेशी कंपन्या आल्या, ज्या गल्लीत शिवणकामाचे आणि टायपिंगचे क्लास चालत तिथे सॉफ्टवेअर शिकवायला लागले, आणि ज्या माणसाला हडपसर कुठे आहे हे धड सांगता येत नव्हतं तोही हिंजवडीचा रस्ता सांगू लागला. साडू सरकारी कचेरीत फायलींच्या सहवासात होते. उदारीकरणाबद्दल त्यांचं मत एवढंच होतं, की सरकारनं हे आधीच करायला हवं होतं, कारण आता भाव पडतील. सरकारनं एवढा मोठा निर्णय आपली सोय व्हावी म्हणून घेतला याबद्दल ते मनातून समाधानी होते. अशा सुमुहूर्तावर त्यांच्या एकुलत्या एक मुलीला, आमच्या प्राजूला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरात कॉम्प्युटर हवा असं ठरलं.

तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही, हे तर उघडच होतं. तो श्रीमंतांनी आणि आळशांनी घ्यायचा. आपण सुटे भाग आणून जोडून घ्यायचा. साडूंनी अभ्यास सुरू केला आणि तो पचला की नाही हे पाहण्यासाठी मला शिकवायला घेतलं. "प्रोसेसर म्हणजे डोकं. आणि ते डोकं ज्यावर बसतं, ते बाकीचं सगळं अंग म्हणजे मदरबोर्ड. डोकं एकीकडे घेतलं आणि अंग दुसरीकडे, तर दोन्हीकडे फसाल. पण दुकानदार दोघांची जोडी लावून देतो. तिला म्हणतात कॉम्बो. खरा पैसा तिथे वाचतो, धाकटे!" मी म्हटलं, "मग घेऊन टाका की जोडी." त्यांनी माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "नवीन प्रोसेसर येतोय. तो आला की हा उतरेल. थांबू."

थांबू. हा शब्द त्या घरात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारला गेला असेल. नवीन प्रोसेसर आला. जुना उतरला. पण तोवर नव्याहून नवा येत असल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा उतरलेला अजून उतरणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग नव्याहून नवा आला, पण त्याच्या जोडीचे बोर्ड अजून महाग होते. बोर्ड उतरले तेव्हा प्रोसेसर चढला होता. दोघं एकदम उतरले असा एक आठवडा मध्ये आला होता, पण तो पितृपक्षाचा होता. हे असं कधी संपणारच नाही, असं मी एकदा कागदावर मांडून दाखवलं. साडूंनी तो कागद नीट वाचला, घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण म्हणून काय आत्ता घेऊन नुकसान करून घ्यायचं?"

दर शनिवारी कचेरी सुटली की ते घरी चहा घेऊन, कापडी पिशवी काखेत मारून कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं असलेल्या तपकीर गल्लीकडे निघत. पिशवी रिकामी जाई आणि रिकामी येई, पण न्यावी लागे, कारण दुकानदाराला गिऱ्हाईक गंभीर आहे असं वाटलं पाहिजे. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी नको असलेल्या वस्तूचा भाव विचारायचा आणि हळहळायचं. मग हव्या असलेल्या वस्तूकडे सहज नजर टाकून "हे काय आहे?" असं विचारायचं. मग उठायचं आणि दुकानदारानं मागून हाक मारावी म्हणून पायरी अशी उतरायची, की पाहणाऱ्याला त्यांचे गुडघे गेलेत असं वाटावं. कुणी हाक मारत नसे. एका दुकानाच्या पायरीवर ते इतका वेळ उभे राहिले की दुसऱ्या गिऱ्हाइकानं त्यांनाच भाव विचारला. त्यांनी तो सांगितला, वर घेऊ नका म्हणून सल्लाही दिला, आणि ते गिऱ्हाईक खरंच निघून गेलं. त्या दुकानात साडूंना नंतर बसायला कुणी स्टूल दिलं नाही. मात्र गल्लीच्या टोकाला एक शेठ होते, त्यांना साडूंचा लळा लागला होता. ते साडूंना तोंडावर 'थांबूकाका' म्हणत, कोपऱ्यातला चहा मागवत आणि नव्या मालाची खबर देत. इतक्या वर्षांत साडूंनी त्यांच्याकडून एक स्क्रूसुद्धा घेतला नव्हता. शेठ मला एकदा म्हणाले, "जाऊ द्या हो, सगळेच विकत घेणारे आले तर बोलायचं कुणाशी?"

दुसऱ्या कुणी कॉम्प्युटर घेतला की साडू समाचाराला जात. समाचाराला हाच शब्द बरोबर आहे. शेजारच्या बिऱ्हाडात नवा कॉम्प्युटर आला, त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला, पेढे वाटले. साडू गेले, पेढा खाल्ला, यंत्राभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "जोडी केवढ्याला बसली?" शेजाऱ्यांनी अभिमानानं आकडा सांगितला. साडूंनी डोळे मिटले. मग शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "असो. झालं ते झालं. तब्येतीला जपा." त्या माणसाला पुढे आठवडाभर जेवण गेलं नाही, असं त्याच्या बायकोनं ताईंना, म्हणजे माझ्या मेव्हणीला, जिन्यात अडवून सांगितलं.

ते एकदाच थांबले नाहीत, आणि एकदाच तोंडावर आपटले. कुठल्याशा प्रदर्शनात शेवटच्या दिवशी एक सुटा प्रोसेसर मातीमोल भावात निघाला होता. साडूंचा तोल गेला. जोडीचा नियम मोडून त्यांनी एकटं डोकं उचलून आणलं आणि मग त्याला अंग शोधायला बाहेर पडले. अंगाचा भाव उतरेपर्यंत अर्थातच थांबले. शेवटी एक मदरबोर्ड जुन्या बाजारात फारच स्वस्तात मिळाला, तो घेऊन आले, आम्हा सर्वांना बोलावलं, ताईंनी शिरा केला. प्रोसेसरच्या पोटाखाली बारीक पिना असतात, त्या बोर्डावरच्या भोकांत अलगद बसाव्या लागतात. इथे पिना एका पिढीच्या होत्या आणि भोकं दुसऱ्या पिढीची. साडूंनी अंगठ्यानं जोर लावायला सुरुवात केली तेव्हा प्राजू ओरडली, "बाबा, दाबू नका! तो बसणारच नाही यात!" साडूंनी बोर्डाकडे, प्रोसेसरकडे आणि मग शिऱ्याकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "दमडीची कोंबडी आणि रुपयाचा मसाला." तो प्रोसेसर त्यांनी ताईंच्या चांदीच्या करंड्यात ठेवला आणि त्यातून निघालेला धडा आम्हाला ऐकवला, "बघितलंत? घाई केली की हे असं होतं."

दरम्यान, ज्यांचे भाव उतरत नाहीत अशा वस्तू घ्यायला हरकत नव्हती. म्हणून आधी टेबल आलं. मग पत्र्याचा रिकामा कॅबिनेट आला, कारण पत्र्याला पिढ्या नसतात. मग कीबोर्डवर घालायचं प्लास्टिकचं आवरण आलं, मॉनिटरवर घालायला ताईंनी कशिदा काढलेला अभ्रा आला, उंदीर फिरवायची गादी आली. कॉम्प्युटरचा सगळा अहेर घरात येऊन पडला, फक्त कॉम्प्युटर यायचा होता. प्राजू त्या टेबलावर वही ठेवून अभ्यास करायची, आणि प्रोजेक्टचं काम असलं की स्कूटीवरून मैत्रिणीकडे कोथरूडला जायची नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये नंबर लावून बसायची. मला त्या पोरीचं फार कौतुक वाटायचं. तिनं कधी आदळआपट केली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "बाबा बघतायत." आणि खरंच, बाबा बघतच होते. अशीच ती पास झाली, आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. तिथे तिला टेबलासकट, जोडीसकट सगळं तयार मिळालं. साडूंची शनिवारची फेरी मात्र चालूच राहिली, आणि ती आता कशासाठी आहे हे त्यांना विचारण्याइतका निर्दय मीही नव्हतो.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाल्यावर प्राजूनं घरी सांगितलं, की तिच्याच कंपनीतला एक मुलगा आहे, निखिल नावाचा, आणि तिला त्याच्याशीच लग्न करायचं आहे. मुलगा अकोल्याकडचा, वारज्याला मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. तो भेटायला आला तेव्हा आधार म्हणून आम्हा उभयतांनाही बोलावलं होतं. मुलगा सावळा, हसरा आणि पोहे मनापासून खाणारा निघाला. साडूंनी पगार विचारला नाही, पत्रिका विचारली नाही, गोत्र विचारलं नाही. ते म्हणाले, "घरी कॉम्प्युटर आहे का?"

"हाव ना काका. मीच जोडला."

साडू खुर्चीत पुढे सरकले. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा लग्नातही पाहिला नव्हता. "अरे वा! जोडी केवढ्याला घेतलीत?"

निखिलनं आकडा सांगितला. साडूंच्या हातातली बशी थोडी कलली. "आणि बाकीच्या दुकानांत काय सांगत होते?"

"बाकीच्या दुकानांत गेलोच नाही ना. पहिल्याच दुकानात पाहिजे तो भेटला, मंग दुसऱ्या दुकानात कायले जायचं?"

"पण त्यानं सांगितला तेवढा भाव दिलात?"

"हाव. त्याचं दुकान, त्याचा भाव. माले तर त्याच दिवशी चालू करायचा होता."

साडूंनी बशी खाली ठेवली. त्यानंतर ते हवापाण्यावर बोलले. मुलगा गेल्यावर त्यांनी निकाल दिला, "मुलगा चांगला आहे. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! पहिल्याच दुकानात थांबतो म्हणजे काय? एवढ्यात हो म्हणायला नको. थांबू." ताई आतून म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हा किती दुकानं फिरून आला होतात?" साडू म्हणाले, "तेव्हा मी लहान होतो." मला हसू आलं, पण प्राजूकडे लक्ष गेलं आणि ते जिरलं.

पुढच्याच आठवड्यात ती आमच्याकडे आली. निखिलचे वडील रविवारी अकोल्याहून येणार होते, शेवटचं विचारायला. त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, की हो असेल तर हो म्हणा, नाही असेल तर नाही म्हणा, 'थांबू' म्हणाले तर आम्ही ते नाहीच समजतो. "काका," प्राजू म्हणाली, "मी पळून-बिळून जाणार नाही. बाबांनी मनापासून हो म्हटलं तरच करणार. पण बाबांना कुठल्याही गोष्टीला हो म्हणताना तुम्ही पाहिलंय का कधी?" मी पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरलेले बघून मला साडूंचा पहिल्यांदाच खराखुरा राग आला. ज्या माणसानं मुलीला एक यंत्र द्यायला सगळं कॉलेज घालवलं, तो नवरा निवडायला ब्रह्मदेवाचं आयुष्य मागणार, हे मला दिसत होतं.

राग येऊन उपयोग नसतो. मी साडूंकडे गेलो आणि त्यांना चढवलं. म्हटलं, पोरगा अडाणी आहे हे मान्य, पण अडाण्याला शिकवायचं कुणी? एक शनिवार तुमच्या हाताखाली द्या त्याला, बाजारात न्या, मग काय ते ठरवा. साडूंना ते पटलं. आजवर त्यांना शिष्य मिळाला नव्हता, फक्त मी होतो. असे आम्ही तिघं रविवारच्या आदल्या दिवशी साडूंच्या शनिवार पेठेतल्या घरून चालत निघालो. अप्पा बळवंत चौक येईपर्यंत साडूंनी त्याला सगळं शास्त्र सांगितलं. वस्तूकडे बघायचं नाही. पाकिटाला हात लावायचा नाही. पहिला आकडा ऐकला की हसायचं, दुसरा ऐकला की उठायचं. निखिल प्रत्येक वाक्याला "हाव काका" म्हणत होता आणि रस्त्यावरच्या प्रत्येक वस्तूकडे बघत होता. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

"या थांबूकाका!" शेठनी नेहमीसारखा चहा मागवला आणि कपाटातून एक खोका काढला. त्या आठवड्यातच आलेली जोडी होती, बाजारातली सगळ्यात चांगली, आणि त्यांच्याकडचा तो शेवटचा नग. त्यांनी भाव सांगितला. साडूंनी निखिलला कोपरानं ढोसलं. आता हसायचं होतं. निखिल हसला नाही. त्यानं बोर्ड कडेला धरून हातात घेतला, उजेडात तिरपा करून पाहिला आणि साडूंना विचारलं, "काका, हा कोनासाठी घेऊन राहिले तुम्ही?"

"प्राजूसाठी," साडू म्हणाले.

"कोन्त्या कामासाठी?"

"तिच्या कॉलेजच्या प्रोजेक्टला लागतो ना."

ते इतक्या सहज बोलून गेले की आधी माझ्याही लक्षात आलं नाही. वर्षानुवर्षं त्या काउंटरवर याच प्रश्नाला त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. शेठच्या लक्षात आलं असावं, कारण ते उगाचच बिलबुकाची पानं चाळायला लागले. मग साडूंना स्वतःला ऐकू आलं. त्यांचा चेहरा मी तोवर कधी पाहिला नव्हता तसा झाला. तोंडाशी नेलेला चहाचा ग्लास तसाच राहिला. मुलीचं कॉलेज कधीच संपलं होतं, ती पगार आणत होती, उद्या तिला मागायला माणसं यायची होती, आणि हा बाप अजून तिच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांबरोबर उभा होता. मला वाटलं, आता हा पोरगा हसणार किंवा समजूत घालणार, आणि काहीही केलं तरी सगळं संपणार.

निखिलनं बोर्ड जपून खोक्यात ठेवला. "तिच्या प्रोजेक्टसाठी आहे," तो म्हणाला, "मंग तर चांगलाच पाहिजे."

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं. साडूंनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "आज घेतला तर?"

"आज घेतला तर आजच चालू होईल ना काका. मी जोडून देतो."

साडूंनी पाकीट काढलं. शेठ घाबरले. इतक्या वर्षांचा परिचय, ते स्वतःहूनच म्हणाले, "काका, थोडं कमी करू का?" साडू म्हणाले, "नको. सांगितलात तो बरोबर आहे." मी भिंतीला टेकलो. शेठनी वॉरंटीचं कार्ड पुढे ओढलं आणि नाव विचारलं.

"प्राजक्ता," साडू म्हणाले. आणि तिथे अडले. शेठ पेन टेकवून बसले होते. साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पण मी काही त्यांच्या उपयोगाचा नव्हतो. मग ते निखिलकडे वळले. "तुमचं आडनाव सांगा त्यांना."

पोराला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल झाले. शेठनी दोनदा विचारल्यावर त्यानं कसंबसं सांगितलं.

"तेच लिहा," साडू म्हणाले. "वॉरंटी बऱ्याच वर्षांची आहे. मध्ये नाव बदलायची कटकट नको."

मॉनिटर आणि बाकीचं सामान शेठ संध्याकाळी घरी पोचवणार होते. परत येताना जोडीची पिशवी साडूंनी स्वतःकडे ठेवली, कुणाला धरू दिली नाही. इतक्या वर्षांत तपकीर गल्लीतून ती पहिल्यांदा भरून घरी चालली होती. रविवारी अकोल्याची मंडळी आली तेव्हा कॉम्प्युटर अभ्र्यासकट चालू होता आणि साडूंनी पाहुण्यांना चहाआधीच हो सांगून टाकलं. त्या घाईनं पाहुणेच जरा बिचकले, असं निखिलची आई नंतर माझ्या बायकोला म्हणाली. लग्न झालं, एकट्याच जोडप्याचं, स्वतंत्र मांडवात. कॉम्प्युटर प्राजूबरोबर वारज्याला गेला. शनिवार पेठेतल्या त्या टेबलावर ताई आता भाजी निवडतात.

मध्यंतरी एका गुरुवारी कुठल्याशा सणाची सुट्टी होती, साडू सकाळीच आमच्याकडे आले होते. टेबलावर पेपर पडला होता आणि त्यात अर्ध्या पानाची जाहिरात होती. तीच जोडी, आणि भाव इतका उतरलेला की मलाही कळावं. मी मुद्दाम तो पेपर त्यांच्यापुढे सरकवला. एवढी वर्षं ऐकून घेतल्यावर तेवढा हक्क मला होता. त्यांनी पान पाहिलं, "असेल," म्हणाले, आणि त्यावर चहाचा कप ठेवला. मी पुढे काही बोलणार तेवढ्यात लाइट गेली. पुण्यात दुरुस्तीच्या नावाखाली गुरुवारची ती जातेच. पंखा गरगरत थांबला.

"तिकडेही गेली असेल का हो?" साडूंनी विचारलं.

"कुठे?"

"वारज्याला."

"गेली असेल की. गुरुवार आहे."

ते थांबलेल्या पंख्याकडे बघत म्हणाले, "काही काम करत बसली असेल तर सगळं जाईल तिचं. मधून मधून सेव्ह करत जा म्हणून सांगायला हवं होतं." त्यांची मुलगी एव्हाना कंपनीत दहा माणसांच्या वर होती, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, फोन करून विचारा की. "नको," ते म्हणाले, "आत्ता सुट्टीची घरात असतील दोघं." मग आम्ही खिडकी उघडली, आणि लाइट येईपर्यंत दोघंही गार झालेला चहा पीत बसलो.